चपला घालूनच आत जा

रकाना एक : अपघाताचे ठिकाण.

'अक्काचा मळा', तंबूंचा कॅम्प, पारोळ्याच्या अलीकडे. तंबू वीस. सगळ्यांना मिळून न्हाण्या चार, गीझर चार.

रकाना दोन : मृत व्यक्ती.

दिपमाला वाघ, वय एकतीस. धुळ्याच्या शाळेत गणित शिकवायची. काल, संक्रांतीच्या सकाळी सव्वासहाला, तिसऱ्या न्हाणीत सापडली. उजवा हात नळावर.

रकाना तीन : अपघाताचे कारण.

नौशीन पिंजारीने तिथे पेन टेकवलं. मग उचललं.

विजेने माणूस मेला की कारण शोधायला जायचं, ही तिची नोकरी. सहायक विद्युत निरीक्षक, जळगाव. बारा वर्षांत तिने एकोणसत्तर कारणं लिहिली होती. सत्तरावं लिहिता येत नव्हतं, कारण इथे सगळं बरोबर होतं.

चारही गीझर तपासले. कुठेही विजेची गळती नाही. शॉक लागताच आपोआप पडणारा स्विच बोर्डात होता, चांगल्यातला. तिने मुद्दाम गळती दिली, तो टपकन पडला. गीझरपासून नळापर्यंत, नळापासून बोर्डापर्यंत, बोर्डापासून मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत हिरवी वायर अखंड.

अशा न्हाणीत माणूस मरत नाही.

मेलं होतं.

"आज करिदिन, मॅडम. कशाला उकरत बसता?" फौजदार लीलाधर बोरसे न्हाणीच्या दाराशी उभे राहून दात कोरत होते. "वायरमन कबूल झालाय. चारला त्याला कोर्टात न्यायचाय. तुमची एक ओळ द्या, वायरिंग सदोष. संपलं."

"वायरिंग निर्दोष आहे."

"मग बाई मेली कशी?"

"तेच शोधतेय."

"तोवर गफूरला काय पोहे खाऊ घालू?"

"घाला," नौशीन म्हणाली. "कालपासून त्यांना कोणी विचारलं नसेल."

रकाना चार : मृत व्यक्तीची चूक असल्यास.

हा रकाना फॉर्मवर छापलेलाच असतो. मालकाची चूक, वायरमनची चूक, सगळे रकाने याच्या खाली. मेलेल्याची चूक आधी. नौशीनने त्यावर आडवी रेघ मारली. कागद फाटला.

*

पोलीस ठाण्याची कोठडी, सकाळी साडेनऊ. गफूर मनियार, वय एकसष्ट, राहणार नशिराबाद, परवानाधारक वायरमन.

प्र. : कबुलीवर सही तुमची, चाचा?

उ. : माझीच.

प्र. : काय चुकलं तुमचं?

उ. : ते नाही कळलं.

प्र. : कळलं नाही आणि कबूल केलं?

उ. : मॅडम, नळाला शॉक होता. नळाला एकच वायर जोडलेली, अर्थिंगची, हिरवी. ती मी टाकली. दुसरी वायर तिथे जातच नाही. म्हणजे जे काही गेलं, ते माझ्याच वायरीतून गेलं. मी नाही कबूल करणार तर कोण करणार?

प्र. : सही करा, असं कोणी सांगितलं?

उ. : पुष्पा अक्का, मालकाची आई, काल दुपारी डबा घेऊन आली होती. म्हणाली, गफूरभाऊ, तू मान्य कर, माझ्या हितेंद्रचं नाव नको यायला. वकील मी लावते.

प्र. : डबा खाल्ला?

उ. : घशाखाली उतरला नाही.

प्र. : न्हाण्यांना लाइट कुठून दिली?

उ. : समोरच्या मीटरवरून. लहान मीटर आहे. मी हितेंद्रला तेव्हाच बोललो, बाबा, चार गीझर यावर एकदम चालणार नाहीत, फ्यूज उडेल. मोठं मीटर घे. म्हणाला, घेतो.

प्र. : घेतलं?

उ. : दिवाळीत काम संपलं, त्यानंतर मला परत बोलावलंच नाही.

नौशीन उठली. दाराशी गेल्यावर गफूरने मागून विचारलं.

"मॅडम, चाळीस वर्षांत माझ्या हातचं कोणी मेलं नाही. आता कोर्टाने सोडलं तरी लोक मला घरात घेतील का?"

घड्याळात दहा वाजले होते. सहा तास उरले होते.

*

कॅम्पच्या स्वयंपाकाच्या छपरात वांगी भाजत होती. कालच माणूस मेलं होतं आणि आज वांगी भाजत होती, कारण उद्याचं बुकिंग होतं.

हितेंद्र निकम, कॅम्पचा मालक, वय चौतीस. नजर सारखी मोबाइलवर.

"चार गीझर त्या लहान मीटरवर कसे चालतात, हितेंद्रभाऊ?"

"चालतात, मॅडम. मला लाइटीतलं ओ की ठो कळत नाही. मी बुकिंग बघतो."

"मग लाइटीचं कोण बघतं?"

"गफूरचाचा."

"त्यांना तर दिवाळीनंतर बोलावलंच नाही तुम्ही."

"मग कशाला बिघडतंय? चालूच होतं की सगळं."

"हो. काल सव्वासहापर्यंत."

हितेंद्रने मोबाइल खिशात टाकला.

त्याची आई, पुष्पाबाई, भाकरीची परात घेऊन आली. साठीची, ठसठशीत, डोक्यावर पदर. सगळा कॅम्प तिला अक्का म्हणायचा. लोक इथे तिच्या हातच्या भरतासाठी यायचे आणि जाताना तिच्यासोबत फोटो काढायचे.

"आधी जेव, बाई," ती नौशीनला म्हणाली. "तोंड बघ कसं सुकलंय. सरकारलाही कळत नाही, बाईमाणसाला कशाला देतात हे लाइटीचं काम?"

"मीच मागून घेतलं, अक्का."

"धाडसाची गं तू!" अक्का हसली. तेवढ्यात शेजारच्या शेताकडून पंपाचा आवाज आला, जड, कण्हल्यासारखा. अक्काने मान वळवली. "ए, कोण आहे तिकडे? मोटर दोन फेजवर ओढतेय, बंद करा, जळेल!" मग परत नौशीनकडे. "भरीत वाढू?"

"नको. दिपमालासोबत आलेलं कोणी आहे का इथे?"

एक होती. माहेनूर शेख, त्याच शाळेतली. दहाजणींच्या गटातल्या बाकीच्या आठजणी मृतदेहासोबत धुळ्याला गेल्या होत्या. ही गेली नव्हती. न्हाणीसमोरच्या दगडावर बसून होती.

"जबाब काल झाला माझा," ती म्हणाली. "त्यांनी फक्त लिहून घेतलं की पाय घसरला असेल. मी म्हटलं, नाही घसरला. ते म्हणाले, तुम्हाला काय माहीत."

"मला सांगा."

"तेरा तारखेला सकाळी मी नळ धरला, हाताला झिणझिण्या. लगेच जाऊन सांगितलं."

"कोणाला?"

"अक्कांना. म्हणाल्या, पोरी, थंडीने हात बधिर होतात. फरशी गार आहे, चपला काढू नकोस, चपला घालूनच अंघोळ कर." माहेनूरचा आवाज चिरकला. "आम्हाला वाटलं, बाई किती जीव लावते!"

"दिपमालाने घातल्या होत्या?"

"नाही. संक्रांत होती. घरून तीळ वाटून आणले होते तिने अंगाला लावायला. चपला दाराबाहेर काढल्या. मला म्हणाली, सणाची अंघोळ चपला घालून कोण करतं?"

नौशीनने न्हाण्यांकडे पाहिलं. चार दारं. प्रत्येक दारात जाड तळव्याच्या रबरी चपलांचा जोड. प्रत्येक दारावर निळ्या रंगात एकच वाक्य : चपला घालूनच आत जा.

या जिल्ह्यात दारांवर उलटं लिहितात.

दारांच्या कडेला एक फळाही होता. त्यावर खडूने : गरम पाणी पहाटे ५ ते दुपारी १. आधीची अक्षरं नीट पुसलेली नव्हती. खाली अजून वाचता येत होतं : गरम पाणी रात्री १० ते सकाळी ६.

"ही वेळ बदलते?"

"दर आठवड्याला. आमचा पहिला गट मागच्या आठवड्यात आला, त्यांना म्हणे रात्री दहानंतरच गरम पाणी. आम्ही हसलो. म्हटलं, गीझर आहे की रातपाळीचा कामगार?"

नौशीन हसली नाही. तिने फळ्यावरच्या दोन्ही वेळा वहीत उतरवल्या. मग न्हाण्यांच्या मागे गेली.

*

मागे वीस पावलांवर पंपघर, दाराला कुलूप. आणि न्हाणीच्या भिंतीला लागून अर्थिंगचा खड्डा.

सगळीकडचं गवत वाळून पिवळं झालेलं. खड्ड्याच्या कडेने मात्र हिरवंगार. मातीवर मिठाची पांढरी खपली.

सफाईवाल्या धुरपदाबाई झाडू घेऊन जवळच उभ्या होत्या. जात नव्हत्या, जवळही येत नव्हत्या.

"मावशी, इथे पाणी कोण टाकतं?"

"मीच टाकस, ताई. रोज पहाटे दोन बादल्या. मीठ टाकीसन."

"कशाला?"

"पानी टाकं का गीझर लवकर तापस. नही टाकं ते कोमटच राहस."

"काल टाकलं होतं?"

धुरपदाबाईंच्या हातून झाडू पडला.

"काल सण व्हता, ताई. मी उनू नही. दुपारले समजनं. तवयपासून जेवन जात नही. मनाच हातनं ती पोर गयी का, ताई?"

"नाही, मावशी. पाणी टाकायला कोणी सांगितलं होतं?"

धुरपदाबाईंनी स्वयंपाकाच्या छपराकडे पाहिलं. तिथे आई आणि मुलगा दोघे उभे होते.

"मालक लोकेस्नी," एवढंच त्या म्हणाल्या.

*

दुपारी दोन. नौशीनने सगळ्यांना न्हाणीसमोर बोलावलं. बोरसे कुरकुरत आले.

"मॅडम, दोन तास राहिले."

"पुष्कळ झाले." तिने बोर्ड उघडला. "बघत राहा."

पहिला गीझर चालू केला. दुसरा केला. तिसरा चालू करताच समोर मीटरजवळ फट्ट आवाज झाला. फ्यूज उडाला.

"काल सकाळी दहा बायका एकामागोमाग अंघोळीला गेल्या. चारही गीझर चालू होते. फ्यूज उडाला नाही. मग लाइट आली कुठून, हितेंद्रभाऊ?"

"मला... मला काय माहीत!"

नौशीनने फ्यूज बांधला, दोन गीझर लावले आणि तिसऱ्या न्हाणीचं दार उघडलं.

"इथला शॉक गेलाय की नाही, मी अजून तपासलेलं नाही," ती म्हणाली. ते खोटं होतं. "मालक तुम्ही. चपला काढा, आत जा, नळ धरा."

हितेंद्र दोन पावलं मागे सरला. मग आणखी दोन. "वेड लागलंय का तुम्हाला? काल बाई मेलीय तिथे!"

"उद्या या नळाखाली चाळीस पोरं उभी राहणार आहेत. तुमच्याच बुकिंगची. धरा."

"बोरसेसाहेब, सांगा ना हिला!"

बोरसे स्वतःच भिंतीपासून दूर झाले होते.

"माझ्या पोराला कशाला भंडावतेस?" अक्का पुढे आली. तिने चपला काढल्या, अनवाणी ओल्या फरशीवर गेली, नळाला आधी हाताची मागची बाजू लावली, मग मूठ आवळून धरला. "हे बघ. काय होतंय? काही नाही! झाला तमाशा?"

"झाला," नौशीन म्हणाली. "अक्का, इथे सहा माणसं आहेत. सगळी त्या नळाला घाबरतात. तुमचा मुलगा घाबरतो, कारण त्याला खरंच काही माहीत नाही. फौजदार घाबरतात. तुम्ही एकट्या घाबरला नाहीत. शॉक गेलाय, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"देवावर भरवसा ठेवून..."

"देवावर भरवसा असणारा सरळ हात लावतो. उलटा हात लाइटीचं काम करणारा लावतो, कारण शॉक बसला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. सरळ हात असा चिकटतो. दिपमालाचा चिकटला तसा."

अक्काने नळ सोडला.

"मला कळेल असं सांगा," बोरसे म्हणाले. आता त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती.

"तो फळा वाचा. गरम पाणी एक आठवडा पहाटेपासून, पुढचा आठवडा रात्री. असं वेळापत्रक कशाचं असतं?"

बोरसेंनी फळा वाचला. तेही शेतकऱ्याच्याच घरचे होते. "शेतीच्या लाइटीचं," ते हळू म्हणाले. "आमच्याकडे या आठवड्यात पहाटे पाच ते एकच आहे."

"लहान मीटरवर चार गीझर चालेनात. म्हणून न्हाण्या पंपाच्या लाइनवर टाकल्या. पंपघरातून एक तार आणली. पण या पंपाला तीनच तारा येतात, परतीची तार नाही, न्यूट्रल नाही. पंपाला ती लागत नाही, गीझरला लागते. शेतात बल्ब लावायचा असला की काय करतात?"

"जमिनीत सळई ठोकतात. तिचीच न्यूट्रल."

"इथे सळईही ठोकावी लागली नाही. गफूरचाचांनी उत्तम खड्डा करून ठेवला होता. परतीची तार त्यालाच बांधली. वीज पंपघरातून यायची, गीझर तापवायची आणि खड्ड्यातून जमिनीत जायची. खड्डा ओला असला की भराभर जिरायची, पाणी लवकर तापायचं. म्हणून रोज दोन बादल्या आणि मीठ. काल धुरपदाबाई आल्या नाहीत. खड्डा कोरडा. दहा बायका, चारही गीझर एकदम. एवढी वीज जमिनीत जिरेना, तिथेच तुंबली. आणि त्या खड्ड्याला हिरवी वायर जोडलेली. ती जाते प्रत्येक नळाला. माणसाला वाचवायला टाकलेली वायर, तिनेच शॉक चारही न्हाण्यांत पोचवला."

"आणि तो आपोआप पडणारा स्विच?"

"गेली तेवढी वीज परत आली का, एवढंच तो मोजतो. ती त्याच्यातून बरोबर परत येत होती. घोळ त्याच्या पलीकडे, खड्ड्यापाशी. तो पडणार कसा? आणि बाई मेल्यावर तार सोडली, मीटर जोडलं. मी आले तेव्हा सगळं बरोबर!"

तिने हात पुढे केला.

"पंपघराची किल्ली, अक्का. तुमच्या कमरेला आहे ती."

अक्काने किल्लीवर मूठ दाबली. हितेंद्र आईकडे बघत राहिला.

"सकाळी भाकरीची परात हातात असताना तुम्ही नुसत्या आवाजावरून सांगितलंत, मोटर दोन फेजवर आहे. पोलिसांनी काल इथल्या प्रत्येक पुरुषाला विचारलं, लाइटीतलं कोणाला कळतं. तुम्हाला कोणी विचारलंच नाही. बाईमाणूस!"

बोरसेंनी मान खाली घातली. किल्ली त्यांनीच घेतली.

पंपघरात स्टार्टरच्या पेटीतून निघालेला तारेचा तुकडा होता, टोकाला नवी चिकटपट्टी. कोपऱ्यात खताच्या गोणीखाली जाड तांब्याची तार. तिच्या टोकावर मिठाचे पांढरे डाग.

तार पाहिली आणि अक्काचा पदर डोक्यावरून घसरला. तिने तो सावरला नाही.

"नवरा गेला तेव्हा हा सात वर्षांचा होता," ती ओरडली. "कोणता वायरमन येत होता माझ्या शेतात? मोटर मी बांधली, फ्यूज मी टाकले, खड्ड्यावर लाइट जाळून पोराचा अभ्यास घेतला! कोणी मेलं नाही! बठ्ठा गाव असंच करस! मालेच धरस का?"

"गाव एक बल्ब जाळतं. तुम्ही चार गीझर लावले आणि त्याखाली परक्यांच्या लेकी उभ्या केल्या." नौशीनचा आवाज चढला नाही. तो खाली गेला आणि जास्त भयंकर झाला. "आणि कळत नव्हतं म्हणू नका. माहेनूरने झिणझिण्या सांगितल्या, तेव्हा तुम्ही तार नाही सोडली, चपलांचा उपदेश केला. त्या चपला थंडीसाठी नाहीत, शॉकसाठी आहेत. हितेंद्रभाऊ, तुमची मुलगी कुठे अंघोळ करते?"

"घरात. अक्का तिला... इकडच्या न्हाणीत येऊच देत नाही. म्हणते, परक्यांची जागा."

"एका नातीसाठी सगळं कळत होतं."

दगडावरून माहेनूर उठली. अक्कासमोर येऊन उभी राहिली. मारेल असं वाटलं. तिने फक्त विचारलं, "आम्हाला का नाही सांगितलं? शॉक आहे, एवढंच सांगायचं होतं. आम्ही थंड पाण्याने केली असती."

बोरसेंनी गाडीजवळच्या शिपायाला खूण केली.

*

पावणेचार. पोलीस ठाणे.

"चल चाचा, सुटलास," बोरसे कोठडीचं दार उघडत म्हणाले. "कोर्टात मी तसं सांगतो."

गफूर उठला नाही.

"कोण?" त्याने नौशीनला विचारलं.

"अक्का."

त्याने डोळे मिटले.

"सोळा वर्षांची ओळख," तो म्हणाला. "एक शब्द बोलली असती तर रस्त्यावरच्या खांबापासून न्यूट्रल ओढून दिली असती मी. मजुरीसुद्धा नसती घेतली." मग डोळे उघडून, "आणि काल डबा घेऊन आली. बसून, डोळ्यात पाणी आणून मला म्हणाली, मान्य कर."

"तुमचं काम बरोबर होतं, चाचा. असा खड्डा मी जिल्ह्यात फार पाहिला नाही. माझ्या अहवालात ते आहे."

"तुम्हाला माहीत आहे, मॅडम. तुम्ही लिहिणारच." गफूर बोरसेंकडे वळला. "साहेब, कबुली तुमच्या अक्षरात होती. मी नुसती सही केली. आता तुमच्याच अक्षरात लिहा, गफूर मनियारच्या हातची चूक नव्हती. खाली नाव टाका, शिक्का मारा. एक प्रत मला द्या, दुकानात लावायला."

"अरे, कोर्टाची वेळ झाली! असं कोणी लिहून देतं का?"

"काल चूक होती असं लिहून दिलंच ना? माझं काम न बघता?"

बोरसे घड्याळाकडे बघत राहिले. मग नौशीनकडे. ती दाराला टेकून उभी होती आणि मध्ये पडणार नव्हती.

फौजदारांनी खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला. पेन चालेना. त्यांनी ते टेबलावर आपटलं, दुसरं घेतलं.

"नीट लिहा, साहेब," गफूर म्हणाला. "मला घाई नाही."